परीक्षकाचे नाव कळवू नये

महानगर, लखनौ
गुरुवार, दुपारची जेवणे उरकल्यावर

प्रिय मधुमती,

सप्रेम नमस्कार. तुझ्या डाव्या डोळ्याला आता स्वच्छ दिसू लागले असेल आणि उजव्याची तारीख ठरली असेल, असे धरून चालते. (तसे नसेल तर हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. भिंग आण, चष्मा बदल, काहीही कर, पण स्वतः वाच.) गुडघ्याचे विचारत नाही, कारण मागच्या वेळी विचारले तेव्हा तू चार पाने गुडघाच लिहिलास. इकडे आमच्या घरधन्याचे, निरंजनचे, उत्तम चालले आहे. ऐकू कमी येते, पण ते त्याच्या सोयीने कमी येते. माझे उत्तम नाही, आणि त्याला औषध नाही. फोन सोडून पत्र का, असे तुला वाटेल. तू फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरभर हिंडतेस आणि माझ्या शेजारच्या खोलीत तुझी धाकटी बहीण बसलेली आहे, म्हणून.

होय, कौमुदी. आज नववा दिवस. जगदीशने आपल्याबद्दल सहा पाने इतके जहरी लिहिले की त्या घरात आता राहणे नाही, असे म्हणून ती बॅग भरून माझ्याकडे आली. मधुमती, ती सहा पाने मी लिहिली आहेत. तिला ते माहीत नाही. ती रोज सकाळी माझ्यासमोर बसून मटार सोलते, तो माणूस दगडाच्या काळजाचा आहे असे म्हणते, आणि मी 'हो ना' म्हणते. आपली शाळेपासूनची तिघींची मैत्री आणि तिचा एक्केचाळीस वर्षांचा संसार सध्या माझ्या या 'हो ना'वर उभा आहे. मी काय करावे हे मला कळेनासे झाले आहे, आणि मला काही कळत नाही असे तू आजवर माझ्या तोंडून कधी ऐकलेले नाहीस. आता पहिल्यापासून सांगते.

सिस्टर कॉन्सिलियाने आपल्याला नववीत शिकवलेली ती दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी तुला आठवत असेलच. (नाव लिहीत नाही. इतक्या लोकांनी त्या नावाला हात पुसले आहेत की मला ते घेववत नाही.) बडबडी हेन्रिएटा आणि अबोल मिस्टर कॉलबोर्न. साडेतीनशे पानांत तो गृहस्थ मोजून एकोणीस वेळा तोंड उघडतो आणि शेवटच्या पानावर तिचा हात धरून चर्चमधून बाहेर येतो. संपले. पुढे काय झाले, असे तू विचारलेस तेव्हा सिस्टरने तुला व्हरांड्यात उभे केले होते, आणि योग्यच केले होते. त्याच्या त्या गप्प बसण्यावर आपला अख्खा वर्ग लट्टू होता. केवढी खोली, केवढा संयम. कौमुदी आपल्याहून तीन वर्षांनी लहान, पण आपले पुस्तक उसने नेऊन तिने ती कादंबरी पाठ केली, आणि पुढे चार स्थळे आली तेव्हा तीन बोलके मुलगे नाकारून, चहा पिताना एक अक्षर न बोललेल्या जगदीशला होकार दिला. तेव्हा आपण दोघींनी तिची पाठ थोपटली होती. हा भाग तूही विसरू नकोस, सगळा दोष माझ्या पदरात पडायला नको.

तर दोन वर्षांपूर्वी नेत्राने (माझी लेक अमौसीला विमान कंपनीच्या काउंटरवर असते, मराठी सगळे समजते आणि उत्तर हिंदीत देते) विमानतळावरच्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक आणले. मुखपृष्ठावर घोडा, घोड्यावर पुरुष, पुरुषाच्या सदऱ्याला एकही बटण नाही. उघडून पाहते तो काय, मिस्टर कॉलबोर्न. ही म्हणे आपल्या कादंबरीची उत्तरकथा. मग कळले की अशा उत्तरकथा ढिगाने निघतात. लिहिणाऱ्या बायका अमेरिकेत असतात, प्रत्येकीला तीन नावे असतात, आणि एकीलाही हेन्रिएटेला सुखाने नांदू द्यायचे नसते. एकीत हेन्रिएटा खुनांचे तपास लावत फिरते. एकीत कॉलबोर्नला जुळा भाऊ निघतो, तो बोलका असतो, आणि तरी तिला दोघांतला फरक अडीचशे पाने कळत नाही. एकीत दोघे मिळून केकचे दुकान काढतात. (कॉलबोर्न. केक. सिस्टर कॉन्सिलिया वेळेवर देवाघरी गेल्या.) आणि सगळ्यांत तो बोलतो. पानेच्या पाने बोलतो. लहानपणी मला कोणी जवळ घेतले नाही हो, असे तळ्याकाठी बसून सांगतो, आणि सांगताना सदरा काढतो. मधुमती, आपण चौदा वर्षांच्या होतो तेव्हा ज्या माणसासाठी झुरलो, त्याच्या छातीवरचे केस सतराव्या पानावर मोजून दाखवले तर माणसाने जावे कुठे. अशी मी एक्केचाळीस पुस्तके वाचली. का वाचलीस असे विचारू नकोस. मला तरी कुठे माहीत आहे.

दर मंगळवारी दुपारी मी कौमुदीकडे जाऊन त्यातल्या एकेकाची चिरफाड करत असे. ती चहा करी, ऐकून घेई, आणि मधूनच विचारी, "पण विजूताई, लग्नानंतर खरंच कसं चाललं असेल गं त्यांचं?" मी म्हणे, कसेही चालले असेल, तुला काय करायचेय. आतल्या खोलीत जगदीश वर्तमानपत्र वाचत असे. तो बाहेर येत नसे. मला त्यात काही विशेष वाटत नसे, कारण ऑफिसातही तो तसाच होता. तुला ठाऊकच आहे, वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या त्याच्या संस्थेच्या नियतकालिकात मी सव्वीस वर्षे संपादकीय सहायक होते आणि तो संपादक होता. तिथली पद्धत अशी, की आलेल्या लेखावरचे नाव काढून तो परीक्षकाकडे पाठवायचा. परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचे नाही आणि लेखकाला परीक्षक कोण ते कळू द्यायचे नाही. त्यामुळे कोणी कोणाची भीड बाळगत नाही. काही लेखांचा परीक्षक जगदीश स्वतःच असे आणि अभिप्राय मला तोंडी सांगे, मी टाईप करी. आधी सर्वसाधारण मत, मग पानवार चुका, मग शिफारस. सर्वसाधारण मताचे शेवटचे वाक्य ठरलेले असे: 'मुळात हे काम हाती घेण्याची गरज होती का, असा प्रश्न पडतो.' हे वाक्य मी शेकडो वेळा टाईप केले असेल. बिचारी तरुण मुले ते वाचून रडत असत. मी त्यांना पाणी देत असे.

गेल्या महिन्यात नेत्राने माझ्यासमोर एक तपकिरी पाकीट ठेवले. आत टाईप केलेली दोनशे चौदा पाने, नाव नाही. म्हणाली, "आई, किसी जान-पहचान वाले ने लिखा है. पढ़के सच-सच बता दीजिए बस. नाम मत पूछिए, और वो भी नहीं पूछेंगे कि किसने पढ़ा." मी पहिले पान उलटले आणि पुन्हा हेन्रिएटा, पुन्हा कॉलबोर्न. बेचाळिसावी. एक्केचाळिसांचा राग माझ्या अंगात साठलेला होता, आणि आजवर त्या अमेरिकन बायकांपैकी एकीनेही माझे मत विचारले नव्हते. मी चष्मा पुसला, निरंजनला खिचडीवर ठेवले आणि चार दिवसांत सहा पानांचा अभिप्राय तयार केला. आधी सर्वसाधारण मत, मग पानवार चुका, मग शिफारस. हाताला दुसरे वळणच नाही गं.

त्या कादंबरीत काय होते ते ऐक. लग्नाला तीस वर्षे झाली आहेत. कॉलबोर्न घोड्यावर बसत नाही, सदराही काढत नाही. कानाला मफलर गुंडाळून सकाळी फिरायला जातो, परत येतो, वर्तमानपत्र उघडतो. एकदा जेवताना हेन्रिएटा त्याला काहीतरी विचारते, तो उत्तर देत नाही, आणि तिथून पुढे अकरा महिने दोघांत एक शब्द होत नाही. भांडण नाही, कारण नाही. ती त्याचे पायमोजे रफू करते, माळ्याशी बोलते, भिंतीवरच्या घड्याळाशी बोलते. मी लिहिले (तुझ्यासाठी मराठी करते): 'अकरा महिन्यांचे मौन सर्वस्वी अविश्वसनीय. स्वाभिमान असलेल्या कोणत्याही स्त्रीने तिसऱ्या दिवशी सुपाचे भांडे त्याच्या डोक्यावर उपडे केले असते. लेखिकेला वैवाहिक जीवनाचा अनुभव नसावा.' पान चौऱ्याहत्तर: 'इंग्लंडमध्ये सफरचंदे खाण्यापूर्वी दोन तास बादलीत भिजत घालत नाहीत.' पान एकशे दोन: 'उमरावाच्या घरात गाद्या उन्हात घालायला स्वतः घरधनीण गच्चीवर जात नाही. इंग्लंडमध्ये गच्ची नसते, ऊन तर नसतेच.' पान एकशे तीस: 'लेखिका लखनौच्या महानगर वस्तीपलीकडे कधी गेलेली नसावी.' म्हणजे एवढे माझ्या लक्षात आले होते, मधुमती. एवढे आले आणि त्याच्या पुढचे आले नाही. आणि त्यात एक मिसेस पेटिग्रू नावाची शेजारीण आहे. ती दर मंगळवारी येते, तीनपैकी दोन बिस्किटे खाते, जगातल्या सगळ्या पुस्तकांना नावे ठेवते आणि हेन्रिएटेला एक वाक्य पुरे करू देत नाही. तिच्याबद्दल मी लिहिले, 'संपूर्ण ग्रंथातील एकमेव समंजस आणि आकर्षक व्यक्तिरेखा. हिला अधिक वाव द्यावा.' शिफारस: नाकारावे. आणि वर ते वाक्य. मुळात हे काम हाती घेण्याची गरज होती का.

अभिप्राय नेत्राकडे दिला आणि तिसऱ्या दिवशी कौमुदी दारात उभी. हातात बॅग, बॅगेत माझी सहा पाने, कोपऱ्यात माझ्या सवयीप्रमाणे दोन पिना. बसली, पाणी प्याली आणि सांगू लागली. तीन वर्षे चोरून लिहीत होती. दुपारी, तो झोपला की. कोणी ओळखीच्याने भिडेखातर बरे म्हणू नये म्हणून तिने त्याच्याच ऑफिसातली नाव काढण्याची पद्धत वापरली आणि पाकीट नेत्राकडे दिले. आता नेत्राने ते कोणाला दाखवले असेल? सकाळच्या फिरण्यात नेत्राला जगदीश अंकल रोज भेटतात, म्हणून त्यालाच, असे तिने धरले. अभिप्राय वाचताना पहिल्याच पानाच्या तळाशी ते वाक्य आले, आणि ते वाक्य जगात एकाच माणसाचे आहे. तिने त्याच्यासमोर कागद आपटले. 'माझ्या अकरा महिन्यांना तुम्ही अविश्वसनीय म्हणता?' तो काही बोलला नाही. तो कधी बोलतो. हे ती सांगत असताना नेत्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले होते. मी पण मिटले असते, पण कौमुदी माझ्याकडे बघत होती. अकरा महिने, मधुमती. मी दर मंगळवारी त्या घरात दोन-दोन तास बसत होते. मी, मिसेस पेटिग्रू, बिस्किटे खात होते.

तेव्हाच सांगून टाकायला हवे होते हे मला कळते. पहिल्या दिवशी ती रडत होती म्हणून सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ती हसली म्हणून सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी निरंजनला सांगितले, तर तो म्हणाला, हो, दे दोन कप. चौथ्या दिवशी जगदीश फाटकापाशी आला. कौमुदी आत अंघोळीला गेली होती. त्याच्या हातात एक पिशवी, तीत तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, शाल, वाचायचा चष्मा. पिशवी माझ्या हातात देऊन तो उभाच राहिला. मग म्हणाला, "विजयाबाई, सव्वीस वर्षं तुमचं टायपिंग वाचलंय मी. दोन पिना कोण मारतं ते मला माहीत आहे." मी म्हटले, डॉक्टर (ऑफिसातली हाक जात नाही), मी आजच तिला सांगते. तर तो म्हणाला, "नको. राहू द्या माझ्या नावावर." मी विचारले, का? तो माणूस मफलरचे टोक हातात धरून, पेरूच्या झाडाकडे पाहत म्हणाला, "रोज संध्याकाळी फोन करते. भांडते. कालच्या फोनला पंचवीस मिनिटं झाली." मग जाताना, फाटक लावता लावता, "ते सुपाच्या भांड्याचं तुम्ही लिहिलंत ते मात्र बरोबर आहे."

आता सांग, मी कुठे जाऊ. बोलले तर माझी कौमुदी जाते आणि त्याचा फोनही जातो. न बोलले तर एक निरपराध माणूस (या प्रकरणापुरता निरपराध, अकरा महिन्यांचा हिशेब मी त्याला माफ केलेला नाही) माझी सहा पाने डोक्यावर घेऊन फिरतो. नेत्राने रविवारपर्यंत मुदत दिली आहे. "आप बता दीजिए, आई, नहीं तो मैं बता दूँगी. मुझसे ये नाटक नहीं होता यार." (मला यार म्हणते. कॉन्व्हेंटात घातले होते तिलाही.) काल मी उपाय म्हणून कौमुदीपुढे परीक्षकाची बाजू मांडून पाहिली. म्हटले, अगं, लिहिणारा माणूस मनाने वाईट असेलच असे नाही, थोडा फटकळ असेल, एकटा असेल, त्याला कोणी मत विचारत नसेल. ती म्हणाली, तू फार भोळी आहेस गं. मला आयुष्यात प्रथमच कोणी भोळी म्हटले, आणि तेही तेव्हा.

आणि आज सकाळी मटार सोलता सोलता ती आपल्याशीच बोलावे तशी म्हणाली, "नेत्राने ते पाकीट तुलाच दिलं असतं तर बरं झालं असतं, विजूताई. तू पहिल्याच पानावर मला ओळखलं असतंस." मी मटाराच्या शेंगा तशाच टाकून आत आले आणि जेवणे उरकताच हे पत्र लिहायला बसले. नाकारावे असे लिहिले त्याचे मला फारसे वाटत नाही, सफरचंदे कोणी भिजत घालत नाही हे खरेच आहे. पण दोनशे चौदा पाने तिने मला, म्हणजे कोणालातरी, हे माझे असे चालले आहे असे सांगितले, आणि मी त्यात चुका काढल्या. ते पुस्तक मी परवा तिच्या बॅगेतून चोरून काढून पुन्हा वाचले. शेवटच्या प्रकरणात हेन्रिएटा जेवणाच्या टेबलावर तिसरे ताट मांडते आणि त्यापुढे कोणी नसताना त्याच्याशी बोलते. पहिल्या खेपेस मी अभिप्रायात लिहिले होते, 'कोण जेवायला येणार हे स्पष्ट करावे.'

तुझ्या घरच्या सर्वांना यथायोग्य सांग. उजव्या डोळ्याला घाबरू नकोस.

तुझी,
विजया

ता. क. पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. तो अभिप्राय तू लिहिलास असे तिला सांगशील का? नीट विचार केला तर हे सगळ्यांच्या सोयीचे आहे. नेत्राने पाकीट नागपूरला तुझ्याकडे पाठवले, ते वाक्य तुला मी कधीतरी सांगितलेले, पिनाही शाळेतल्याच सवयीच्या. तू तिची सख्खी थोरली बहीण आहेस, ती लहानपणापासून तुझे बोलणे ऐकून घेत आली आहे, आणि डोळ्याचे ऑपरेशन झालेल्या बाईशी कोणी फार भांडत नाही. तिच्याशी फोनवर बोलशील तेव्हा स्पीकर मात्र बंद ठेव.

ता. क. २. वरचे वाचून निरंजनला (त्याला वाचता येते हे बरे आहे) इतके हसू आले की कौमुदी काय झाले म्हणून दारापर्यंत आली. तो तिला म्हणाला, विजया मधुमतीला पत्र लिहितेय, खोटे बोलायला शिकवतेय. ती म्हणाली, विजूताईला कुठलं जमतंय ते. आणि परत गेली. वरची विनंती मी मागे घेते. तू काही बोलू नकोस.

ता. क. ३. संध्याकाळी ती जवळच्याच कपूरथळा चौकातल्या बाजारात सब्जी आणायला निघाली आहे, टपालपेटी वाटेतच आहे. पत्र तिच्याच हातात देते आहे. पाकीट चिकटवलेले नाही. तिला सांगणार आहे की डिंक सापडला नाही, वाटेत बाकावर बसून एकदा नजर घाल, काही चुका असतील तर सांग. समोर उभे राहून मला हे बोलता येत नाही, मधुमती. मी शूर असल्याची अफवा तुम्ही दोघींनीच शाळेत पसरवली होती. तेव्हा हे पत्र तुला मिळाले नाही, तर एक दिवस थांब आणि मला फोन कर, मी या घरात निरंजन असूनही एकटीच असेन. आणि मिळाले, तर समज की तिने ते सगळे वाचले आणि तरीही पेटीत टाकले.